प्राण्यांच्या पत्त्यांचा डबा: नंबॅटला दहा मार्क, होल्याला एक

आधीच सांगून टाकतो, पाचपैकी तीन स्टार. साडेतीन दिले असते, पण अर्धा स्टार दाबायची सोय नाही अन् चार द्यायला मन धजंना, आणि ते सगळं एका होल्याच्या पत्त्यापायी. आता एवढ्याशा पत्त्यावर इतकं मोठं लिहायचं का असं बायको पण म्हणाली, पण महिनाभर घरात दुसरा विषयच नव्हता तर काय करणार.

झालं असं, आमच्या पोरीचे, सईचे, तिसरीचे पेपर संपले अन् दुसऱ्या दिवसापासून मोबाईल दे मोबाईल दे सुरू. परभणीत एप्रिल संपता संपता सकाळी दहानंतर लेकराला बाहेर सोडायची सोय नसते, वसमत रोडवर चप्पल डांबराला चिकटती असं ऊन. म्हणून ऑनलाईन हा डबा मागवला. 349 रुपये, 60 पत्ते, प्रत्येकावर एक प्राणी नाहीतर पक्षी, वर फोटो, खाली आकडे, मराठी आणि इंग्रजी दोन्हीत. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं तक्रारी आहेत अन् मला कुणाशी वाद घालायचा नाही. असे डबे सध्या चार-पाच कंपन्यांचे मिळतात, चुका कमीजास्त सगळ्यांत असतीलच.

खेळ तोच, आपल्या लहानपणी पैलवानांचे पत्ते असायचे ना, रँक, उंची, वजन, छाती, दंड, तसाच. दोघांनी आपापली गड्डी उलटी धरायची, वरचा पत्ता बघून एक रकाना बोलायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं समोरच्याचा पत्ता न्यायचा. इथं रकाने पाच आहेत: लांबी, वजन, एका वेळची पिल्लं, आयुष्य आणि दुर्मिळता. शेवटचा रकाना लक्षात ठेवा, सगळी भानगड तिथंच आहे.

वस्तू म्हणून बोलायचं तर डबा पत्र्याचा, झाकण घट्ट. एका कोपऱ्याला कुरिअरमध्ये पोचा आला होता पण ते सोडा. पत्ते चांगले जाड आहेत, घामाच्या हातानं महिनाभर खेळूनसुद्धा एकाचाही पापुद्रा सुटला नाही, हे मानलं. उरुसातून आणलेले पत्ते आठ दिवसात लोळागोळा झालते. फक्त वरचं कोटिंग इतकं गुळगुळीत आहे की फॅन फुल्ल केला की पत्ते उडतात, म्हणजे फॅन दोनवर ठेवून खेळायचं, अन् परभणीत मे महिन्यात फॅन दोनवर म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायची गरज नाही. कुलर लावायचा ना मग, असं म्हणाल तर कुलरचं पण खाली येतंय.

नियमांचा कागद मराठीत आहे असं डब्यावर छापलंय. आहे मराठीतच, पण कुठल्या गावची मराठी ते कळंना. "खेळ सुरू करण्यापूर्वी कार्डांना चांगले हलवा." अरे बाबा पत्ते पिसतात, हलवतात ती औषधाची बाटली. पुढं "विजेता पराभूताचे कार्ड गिळंकृत करतो" असंही एक वाक्य आहे, सईनं ते मोठ्यानं वाचलं अन् माझा हत्ती खरंच दातात धरून बसली. तो पत्ता अजून दाताच्या खुणांसकट डब्यात आहे.

पहिल्या दोन दिवसातच तिला कळलं की या गड्डीत दोनच पत्ते कामाचे, एक ज्यानं सगळं जिंकता येतं आणि एक ज्यानं काहीच जिंकता येत नाही. जिंकणारा म्हणजे नंबॅट. तसा चिमुकला प्राणी आहे, पण दुर्मिळतेत त्याला दहापैकी दहा दिलेत, तो हातात आला की फक्त "दुर्मिळता!" म्हणून ओरडायचं. हरणारा म्हणजे होला. लांबी 25 सेंटीमीटर, वजन 100 ग्रॅम, पिल्लं 2, दुर्मिळता 1. कुठलाही रकाना बोला, मार खाणारच. गल्लीतली पोरं दुपारी खेळायला यायची, त्यांच्यात होला वाटणीला आला की रडारड. शेवटी सईनं तो पत्ता गुपचूप काढून आजीच्या चटईखाली सरकवून दिला.

तिथून आमच्या आईच्या हाती लागला. आई म्हणजे जिंतूर तालुक्यातल्या खेड्यात आयुष्य काढलेली बाई, चष्मा लावून दोन्ही पत्ते शेजारी शेजारी धरले अन् मला म्हणाली, "अरे हे काय हाय, मुंगूस का खार?" मी म्हणलं नंबॅट, ऑस्ट्रेलियाचा. "अन् ह्याला दहा कामून अन् आपल्या होल्याला एकच कामून?" मी म्हणलं आई, तो जगात फार थोडा उरलाय म्हणून. तर ती म्हणे, "मंग थोडा उरला ह्यात त्यानं काय मोठं केलं?"

याला उत्तर नव्हतं माझ्याकडं. रात्री उकाड्यानं झोप येईना म्हणून बसलो शोधत, आणि तिथून कळत गेलं की नंबॅटच्या पत्त्यावर निम्मं चुकीचं छापलंय.

वजन लिहिलंय 5 किलो. अहो पाच किलोचा बोका असतो. नंबॅट अर्धा किलोच्या आसपास, फार तर 700 ग्रॅम, शेपूट सोडली तर वीतभर नाहीतर त्याहून थोडा जास्त. म्हणजे खारीपेक्षा मोठा, मांजरापेक्षा पुष्कळ लहान, तांबूस रंग, पाठीच्या मागच्या अर्ध्यावर पांढरे आडवे पट्टे, डोळ्यावरून एक काळी रेघ अन् शेपूट बाटली धुवायच्या ब्रशसारखी. फोटो मात्र खरा अन् फार सुंदर छापलाय, तेवढं त्यांना द्यावं लागेल.

दुसरं, "रात्री फिरणारा" लिहिलंय. पोटाला पिशवीवाल्या प्राण्यांपैकी बहुतेक रात्रीचे असतात हे खरं, पण हा गडी पक्का दिवसाचा आहे आणि त्याचं कारण त्याच्या खाण्यात आहे. तो खातो उधई, म्हणजे वाळवी, फक्त उधई, दिवसाला वीस हजारांपर्यंत. पत्त्यावर "मुंगीखाऊ" छापलंय तेही म्हणून अर्धवटच. आता गंमत बघा, याच्या पायात वारूळ फोडायचं बळ नाही, मग तो उधई जमिनीखाली वरच्या वर हिंडायला कधी येते त्या वेळेवर आपला दिवस बसवतो. थंडीत भर दुपारी, उन्हाळ्यात सकाळी अन् संध्याकाळी, मधल्या उन्हात पोकळ ओंडक्यात गप पडून. आपल्या बाजारपेठेचा पण मे महिन्यात हाच टाईम असतो. जीभ दहा सेंटीमीटरच्या आसपास, बारीक भोकात घालून चाटून घ्यायची. तोंडात पन्नासेक दात आहेत पण खुंट्यासारखे, चावायला उपयोग जवळपास शून्य.

हे आईला सांगितलं तर तिचे डोळे चमकले. गावाकडच्या घराची सागवानी चौकट दोन वर्षात उधईनं आतून पोकळ केली, वरून बघावं तर रंग शाबूत अन् बोट दाबलं की आत जातं. औषध मारणाऱ्यानं दोनदा पैसे नेले, उधई आपली जागेवर. आई म्हणाली, "एखादं जोडपं पाठव म्हणावं, राहतील माळवदावर." माळवदावरच्या उधईनं त्याचं एक दिवस तरी भागलं असतं का कुणास ठाऊक.

तिसरी चूक सगळ्यात भारी. पत्त्यावर नंबॅटच्या नावापुढं कांगारूसारखं पिशवीचं चित्र काढलंय अन् खाली "पोटपिशवी: आहे". आता हा शिशुधानी गटातला आहे हे बरोबर, कांगारू-कोआला त्याचेच भाऊबंद, पण नंबॅटच्या मादीला नीट पिशवीच नसते. चार स्तन असतात, त्यांच्याभोवती कुरळ्या केसांची नुसती झूल. पिल्लं चौदा-पंधरा दिवसात जन्मतात, दाण्याएवढी, आणि एकेकाला लोंबकळून तिथंच सहा-सात महिने काढतात, आई त्यांना पोटाखाली घेऊन हिंडत असते. चार स्तन म्हणून चार पिल्लं, पाचवं आलं तर त्याला जागा नाही. नंतर त्यांना बिळात ठेवते अन् अजून काही महिने दूध पाजायला येते. हे सगळं साधारण वर्षातून एकदाच.

आता कुलर. आमचा कुलर खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर असतो, दिवाळीनंतर गोणपाट टाकून झाकलेला. एप्रिलमध्ये गवत बदलायला माणूस बोलावला, त्यानं गोणपाट उचललं अन् फडफड करून काहीतरी उडालं. खिडकीचं ग्रील अन् कुलर यांच्या मधे दोन आडव्या पट्ट्या आहेत, त्यावर दहा-बारा काड्या, झाडूची एक हिर अन् तारेचा एक तुकडा, याला घरटं म्हणायचं. खालून बघितलं की काड्यांमधून दोन पांढरी अंडी सरळ दिसतात. चिमणीचं घरटं बघा, सुगरणीचं बघा, अन् हे बघा, एवढा आळशी बांधकामवाला मी परभणीच्या ठेकेदारांत पण बघितला नाही. कुलरवाला म्हणाला, "साहेब, काढून टाकू का?" आईनं आतूनच आवाज दिला, "हात लाव बरं!" कुलरवाला पान्हे घेऊन गेला तो गेलाच.

म्हणजे ज्या होल्याला सईनं चटईखाली ढकललं तोच खिडकीत येऊन बसला. आता फॅन दोनवर, पत्ते जमिनीवर अन् एक डोळा खिडकीकडं, असा खेळ सुरू झाला. तीन-चार दिवसात तिनं पत्ता परत काढला, खिडकीला लावून धरला अन् म्हणाली, "पप्पा, हा तो नाहीच. आपल्या होल्याला मागून टिकल्या नाहीत, पुढून आहेत."

मी बघितलं तर पोरगी बरोबर. पत्त्यावर नाव लिहिलंय लहान तपकिरी होल्याचं, ज्याला इंग्रजीत हसरा होला म्हणतात, अन् फोटो टाकलाय ठिपकेवाल्या होल्याचा. ठिपकेवाल्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळ्यावर पांढऱ्या टिकल्यांची पट्टी असते, बुट्टीदार रुमाल टाकल्यासारखी. आमच्या कुलरवरचा लहानखोर, गुलाबीसर तपकिरी, पंखाला कडेनं निळसर राखाडी झाक, अन् टिकल्या गळ्याच्या पुढच्या बाजूला, तांबूस रंगावर काळे ठिपके, गळसरी घातल्यागत. आणि आवाज, कु-डु-डु-कु, हळू आवाजात कुणीतरी मनातल्या मनात हसतंय असा. मी लहानपणी मामाच्या शेतात गलोल घेऊन याच्याच मागं हिंडलेला माणूस, पण तेव्हा आमच्यासाठी सगळेच होले एक, त्यात गळ्यात काळी रेघ असलेला अजून वेगळा, हे मला चाळीशीत तिसरीतल्या पोरीनं शिकवलं. पत्त्यानं शिकवलं म्हणता येत नाही, पत्ता चुकीचा होता म्हणून शिकलो. याचे मार्क कंपनीला द्यायचे का कापायचे तेच ठरवता येईना.

मग रोज निरीक्षण. नर-मादी दोघं पाळीनं बसायचे, एक आला की दुसरा उठायचा, शिफ्ट बदलल्यासारखं. चौदाव्या दिवशी अंडी फुटली. पिल्लं म्हणजे काय, मांसाचे दोन गोळे, त्यावर पिवळट सुतासारखे केस, डोळे मिटलेले. आई-बाप त्यांना दाणा देत नव्हते, पिल्लू बापाच्या चोचीत पार डोकं घालायचं अन् बाप मान हलवून आतून काहीतरी वर काढायचा. ते दूध असतं, खरंच, गळ्यातल्या दाण्याच्या पिशवीत तयार होणारं, दह्यासारखं घट्ट, आणि नर-मादी दोघांनाही येतं. होले-पारवे सोडले तर असलं दूध पाजणारे पक्षी फार थोडे. सईनं हे ऐकून पत्ते काढले अन् म्हणाली, "म्हणजे नंबॅटला पिशवी नाही अन् होल्याला आहे!" अन् स्केच पेननं नंबॅटच्या पत्त्यावरचं पिशवीचं चित्र खोडून टाकलं. होल्याच्या पत्त्यावर गळ्यापाशी पिशवी काढली, ती हुबेहूब बाजाराच्या पिशवीसारखी झालीय, कान वगैरे लावून.

चौदा दिवसात नंबॅटचं पिल्लू जन्माला येतं अन् तितक्याच दिवसात होल्याचं अंडं फुटतं, इथपर्यंत दोघं बरोबरीत. पुढं होल्याचं पिल्लू पंधरवड्यात उडून जातं अन् आई-बाप लगेच दुसऱ्या तयारीला लागतात, वर्षभरात किती वेळा त्याचा हिशोब नाही. नंबॅटची आई तोवर पहिलीच खेप पोटाखाली घेऊन ओंडक्या-ओंडक्यानं हिंडत असते. त्यात खाण्याचं असं की होल्याला गवताचं बी चालतं, ज्वारी चालते, आडत दुकानापुढं सांडलेलं काहीही चालतं, अन् याला उधईच पाहिजे, अन् तीही वरच्या थरात आलेली. रात्री झोपायला पोकळ पडलेलं झाडच पाहिजे, कारण हा आत शिरून तोंडाशी स्वतःचं बूड लावून झोपतो, ढुंगणाची कातडी जाड असते, दाराला फळी लावल्यासारखं. आमच्या होल्याला दोन पट्ट्या अन् बारा काड्या पुरल्या.

आता जे सगळ्यात भारी आहे ते पत्त्यावर छापलेलंच नाही. होल्याच्या पत्त्यावर "आढळ: आशिया, आफ्रिका" एवढंच. तर हाच होला, अगदी आमच्या कुलरवरचा, ऑस्ट्रेलियात पर्थ शहरात घराघराच्या अंगणात हिंडतो. तो तिथला नाही. 1898 मध्ये पर्थचं प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि त्याच साली तिथून हे होले बाहेर सोडले गेले, ठिपकेवाले पण सोडले. तिथून वाढत वाढत आता तिकडं चिमणी-कावळ्यासारखे झालेत. आणि नंबॅट कुठला? त्याच राज्याचा, वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा, तिथला तो राज्यप्राणी आहे, जसं आपलं शेकरू. आणि नंबॅटची पैदास करून जंगलात सोडायचं काम कोण करतं? तेच पर्थचं प्राणिसंग्रहालय! ज्या दारातून एके काळी होले उडवले त्याच दारातून आता नंबॅट पेटीत घालून जंगलात नेतात. त्यांना तिथं वाढवायचं म्हणजे रोज उधई गोळा करायची, वर कस्टर्डसारखं काहीतरी करून घालायचं, एवढा थाट. मी हे सईला सांगितलं तर ती म्हणे, "जगात जर्मनी, भारतात परभणी, अन् ऑस्ट्रेलियात आपला होला." शाळेत कुणी तरी शिकवलेली दिसती ती म्हण.

नंबॅट कमी कसा झाला ही पण बाहेरून आणलेल्या पाहुण्यांचीच गोष्ट. पूर्वी ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण भागात फार लांबपर्यंत होता. इंग्रजांनी 19व्या शतकात शिकारीच्या हौसेखातर तांबडा कोल्हा तिकडं नेऊन सोडला, मांजरं आधीच गेली होती, आणि दिवसा उघड्यावर खाणारा हा अर्ध्या किलोचा जीव त्यांना आयताच. 1970 च्या दशकाअखेरीस तो दोनच ठिकाणी टिकून राहिला, ड्रायँड्रा आणि पेरप, दोन्ही पर्थच्या दक्षिणेकडची जंगलं. मग 1980 च्या दशकात विषाच्या आमिषांनी कोल्हे मारायला लागले तर ड्रायँड्रात हे वाढले. त्या विषाला दहा-ऐंशी म्हणतात, आणि तेच विष तिकडच्या काही जंगली झुडपांत आपोआप असतं म्हणून तिथल्या मूळच्या प्राण्यांना ते बऱ्यापैकी सोसतं, बाहेरून आलेल्या कोल्ह्याला मात्र सोसत नाही. कोल्हे कमी झाले तर मांजरं माजली, तो त्रास चालूच आहे. आज सगळे मिळून प्रौढ नंबॅट हजाराच्या आत असतील असा अंदाज देतात. परभणीतल्या एका कॉलनीत त्याहून जास्त होले निघतील.

म्हणजे आईच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मिळालं, पण तिला ते पटलं नाही. ती म्हणते, जो उरला नाही त्याला जपा हे बरोबर, पण म्हणून दारातल्याला एक मार्क? आणि मला पण वाटतं कंपनीनं तो रकाना नीट विचार करून केलेलाच नाही. कसं ते सांगतो. याच गड्डीत माळढोक आहे, त्याला दुर्मिळतेत 8 दिलेत! नंबॅट "धोक्यातला" या वर्गात येतो, माळढोक त्याच्या वरच्या, "अतिधोक्यातला" या वर्गात, जगात दोनशेच्या आत उरलाय, आणि आपल्या शेजारी सोलापूरच्या नान्नजला त्याच्यासाठी अभयारण्य आहे. धाराशिव-बीडकडच्या माळांवर माळढोक बघितलेली म्हातारी माणसं अजून सापडतील. त्याला आठ अन् नंबॅटला दहा? ऑस्ट्रेलियाचा आहे म्हणून दोन मार्क जास्त का काय? हे बघितल्यावर माझं डोकं फिरलं अन् मी मेल लिहिला.

मेल सविस्तर लिहिला, नंबॅटचं वजन, रात्र-दिवस, पिशवी, होल्याचा फोटो, माळढोकाचे मार्क, सगळं. दुसऱ्या दिवशी उत्तर, "आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद, आपले उत्पादन बदलून मिळेल." सहा दिवसात नवीन डबा आला, पैसे न घेता, जुना परत न मागता. सर्व्हिसला पूर्ण मार्क. डबा उघडला तर नंबॅट तसाच पाच किलोचा, होल्यावर तोच दुसऱ्या होल्याचा फोटो. त्यांना वाटलं पत्ता फाटलाय! आता घरात 120 पत्ते आहेत अन् दोन नंबॅट, दोन होले. दोन नंबॅट समोरासमोर आले की बरोबरी होते अन् त्यावरून गल्लीत वेगळी भांडणं.

सईनं मग नवीन डब्यातल्या पत्त्यांवर सहावा रकाना काढला, स्केच पेननं, "आपल्याकडे दिसतो का". होल्याला 10, नंबॅटला 0, माळढोकाला आजीला विचारून 0, मग आजी म्हणाली अर्धा दे, म्हणून अर्धा. त्यावर शेजारचं पोट्टं पाय आपटत निघून गेलं, हे चीटिंग आहे म्हणून, छापलेलंच खरं धरायचं म्हणे. दोन दिवस आलं नाही. तिसऱ्या दिवशी आलं तेव्हा त्यालाच होला आला अन् तेव्हा मात्र त्याला सहावा रकाना चालला.

तर घ्यावा का? सात ते दहा वर्षाचं लेकरू असेल, वाचता येत असेल अन् घरात चुका तपासायला कुणी रिकामं असेल तर घ्या, 349 ला पत्त्यांची जाडी अन् फोटो बघता वाईट नाही. अभ्यासाला म्हणून घेत असाल तर अजिबात घेऊ नका, आकडे भरवशाचे नाहीत. मी दोन पत्ते तपासले तर हे निघालं, बाकीच्या 58 चं देवच जाणे. बक्षीस द्यायला डबा छान दिसतो. नियमांचा कागद फेकून द्या. फॅनचं सांगितलंच.

कुलरचं सांगायचं राहिलं. दोन्ही पिल्लं परवा उडाली. एक सकाळीच गेलं, दुसरं दिवसभर ग्रीलवर बसून होतं, सईनं दुपारचं जेवण खिडकीतच केलं. संध्याकाळी तेही गेलं. पारा 43 वर, म्हणून काल सकाळी उठल्या उठल्या कुलरवाल्याला फोन केला, ये बाबा आता. तो पान्हे घेऊन आला, गोणपाट उचललं अन् माझ्याकडं बघून हसायला लागला. होला तिथंच बसला होता, तेवढ्याच काड्यांवर, हलायला तयार नाही. खाली वाकून बघितलं तर एक अंडं. दुसरं आज सकाळी दिसलं.